वर्नाचा परवाना

"बोट सैल सोडा हो बाई. तुम्ही दाबू नका, मी दाबते," परवाना कचेरीच्या खिडकीमागून रोशेल म्हणाली.

वर्ना हॉटालिंगनं बोट सैल सोडलं. चौथ्यांदा. काचेवर ठसा काही उमटेना. एकतीस वर्षं शाळेच्या बसचं स्टिअरिंग धरून बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या.

"तुझ्यासारख्या कार्ट्यांना वठणीवर आणण्यात झिजली गं ही बोटं," वर्ना म्हणाली. "मागच्या बाकाला च्युइंगम कोण चिकटवायचं, सांगू का इथे सगळ्यांना?"

"नको, नको! नोकरी जाईल माझी," म्हणत रोशेल खळखळून हसली.

वर्नाही हसली. हसायलाच हवं होतं. आज तिला अगदी ठणठणीत, शहाण्या बाईसारखं दिसायचं होतं. त्यासाठी तर सकाळी उठून कोटाला इस्त्री केली होती. लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि परवाना गेला की घरही गेल्यात जमा होतं. ड्वेननं, तिच्या मुलानं, फोनवर साफच सांगितलं होतं.

"आई, त्या लोकांना तू ठीक वाटलीस तर खुशाल राहा एकटी. नाही वाटलीस तर पिस्तूल जमा करायचं आणि गुपचूप वृद्धाश्रमात जायचं. मग कुरकुर चालणार नाही."

ड्वेनचं तरी काय चुकलं? हिवाळाभर तिनंच त्याचं डोकं खाल्लं होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतं. लोणी बघता बघता संपतं. मेरिटच्या खुर्चीतली उशी सकाळी दबलेली असते. मेरिट म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. शेरिफचे पोलीस दोनदा येऊन गेले. माळ्यापासून तळघरापर्यंत सगळं पालथं घातलं, आणि सापडलं काय, तर खारींचं घरटं. दुसऱ्या खेपेला त्यांच्यातला एकजण तिच्याशी लहान मुलीशी बोलावं तसं बोलला. ते तिला फार लागलं. त्या दिवसापासून तिनं आवाजांबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, वय झालं की कान काहीबाही ऐकतात. असेलही. ती स्वतःला रोज तेच बजावायची. पण भीती कुठे डॉक्टरचं ऐकते? पिस्तूल हाताशी असलं तरच तिचा डोळा लागायचा. आणि ज्या घरात चाळीस वर्षं काढली, ते सोडायचं म्हटलं की तिला रडू फुटायचं.

एकदाचा ठसा उमटला. रोशेलनं प्रश्नांचा कागद पुढे ओढला.

"पिस्तूल आत्ता जवळ नाही ना?"

"इथे आणायची बंदी आहे ना! घरी आहे, नेहमीच्या जागी."

"झोप कशी लागते?"

"बाळासारखी." साफ खोटं.

"भास होणं, दचकून उठणं, असलं काही?"

"भास व्हायला सवड कुठे आहे मला? कोंबड्या आहेत, बाग आहे."

"घरात आणखी कोण राहतं?"

"कोणी नाही."

उत्तर जरा जास्तच पटकन गेलं, असं तिचं तिलाच वाटलं. रोशेलनं मात्र मान खाली घालून रकान्यात खूण केली.

"आता एक फोन राहिला, बाई. तुम्हाला ओळखणारी म्हणून ग्वेन टायसनचं नाव दिलंय ना? तिला दोन प्रश्न विचारते, की शिक्का मारून मोकळी."

ग्वेन गेल्या वसंतातच शेतापलीकडच्या घरात राहायला आली होती. भलतीच बोलकी. म्हणून तर वर्ना तिला दुरूनच हात हलवायची आणि आत सटकायची. पण नाव द्यायला दुसरं होतं कोण? ओळखीपाळखीचे सगळे एकेक करून देवाघरी गेले होते. आणि पहाटे हातात लाटणं घेऊन स्वतःच्याच घराच्या खिडक्यांतून डोकावणारी वर्ना त्या बाईनं पाहिली नसेल, असं होणंच शक्य नव्हतं. तेवढं एक बोलली की संपलं सगळं.

रोशेलनं नंबर लावला. टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"वर्नाबद्दल विचारताय?" ग्वेनचा आवाज खिडकीबाहेरही खणखणीत ऐकू आला. "अहो, सोन्यासारखी बाई! कधी तोल सुटलेला पाहिला नाही. तिच्या हातात पिस्तूल काय, तोफ द्या बिनधास्त!"

"डोक्यानं वगैरे ठीक?"

"माझ्यापेक्षा ठीक!"

वर्नाचा जीव भांड्यात पडला. उगाच या बाईला नावं ठेवली, असं वाटून ती ओशाळली. उद्याच तिला सफरचंद घालून केक करून द्यायचा, असं तिनं ठरवूनही टाकलं. रोशेलनं डोळा मिचकावला, शिक्का उचलला आणि कागदावर हाणला.

झालं. आणखी तीन वर्षं. घर वाचलं. वर्नाला तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर डोकं टेकून रडावंसं वाटलं.

"आभारी आहे हं, ठेवते," रोशेल म्हणाली.

"अहो थांबा! काम झालं ना तिचं? निघाली का ती? म्हणजे मला तसं त्यांना सांगता येईल."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तिच्या नवऱ्याला! मघाशीच कुंपणापाशी आले होते. भला माणूस हो, पण जरा कमीच बोलतात. विचारत होते, वर्ना किती वाजता घरी पोचेल."