लाल ठिपका

"क्लच दाबला तरी गाडी पुढं ओढते, मिस्त्री. न्यूट्रलही लागत नाही. काल निवासला दाखवली होती," गुरव सर जुनी फटफटी स्टँडला लावत म्हणाले.

"मग त्यानंच वाट लावली असणार!" शामराव मिस्त्री फणकारले. हाताखाली शिकलेल्या निवासनं चौकात स्वतःचं गॅरेज टाकलं, निम्मी गिऱ्हाइकं तिकडं वळली, तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखत होतं.

त्यांनी क्लचचं झाकण खोललं. चार स्प्रिंगांपैकी तीन घट्ट होत्या, चौथी ढिली. त्यामुळं प्लेट तिरकी उचलली जात होती नि क्लच पुरता सुटत नव्हता.

"बघा, हे त्याचं काम!"

"पण त्यानं झाकण उघडलंच नाही. म्हणाला, बोल्टवर उस्तादांचा लाल ठिपका आहे, त्यांच्या कामावर मी पाना चालवणार नाही. त्यांच्याकडंच न्या."

मिस्त्रींनी हातातला बोल्ट निरखला. दिवाळीत काम संपवून बोल्ट नि झाकण मिळून त्यांनीच दिलेला ठिपका आत्ता त्यांच्याच पान्यानं ताजा तुटला होता. मधे दुसरा हात लागलाच नव्हता.

त्यांनी चौथी स्प्रिंग आवळली.

गिऱ्हाइकं नेली, ते एकवेळ पचलं असतं. पण पोरगा मोठेपणातही पुढं गेला, हे कसं पचवायचं?