पदकाची खुर्ची

डोंगर चालायला लागल्यापासून भूगोल संशोधनाचं पदक एकाच पद्धतीने दिलं जाई. डोंगर कुठे थांबेल ते संशोधकाने लिहून द्यायचं आणि ठरल्या दिवशी तिथेच खुर्ची टाकून बसायचं. खुर्चीतून उठलं की पदक रद्द.

डॉ. वैजयंती खरमाटे माळावर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या गणिताप्रमाणे डोंगर सकाळीच थांबायला हवा होता. तो वीस मीटरवर आला होता आणि अजून येत होता.

"मॅडम, अंतर कुठून मोजलं होतंत?" सहकारी टिळेकरांनी हळूच विचारलं.

"सर्वेच्या दगडापासून."

"तो डोंगरावरच आहे. म्हणजे तोही चालतोय."

"हे तुम्हाला आज सुचलं?"

"आज दगड दिसला. जवळ आलाय ना."

शेजारी उभ्या असलेल्या पदक समितीच्या अध्यक्षांनी पदकाची पेटी उघडली. "उठायचं नाही हं, बाई."

डोंगराची सावली बाईंच्या पावलांवर आली.

"टिळेकर," त्या म्हणाल्या, "मी उठत नाही. तुम्ही खुर्ची उचला."

दुपारपर्यंत तिसरं गाव मागे पडलं. टिळेकर बाईंसकट खुर्ची डोक्यावर घेऊन पळत होते, मागून पेटी घेऊन अध्यक्ष, आणि त्यांच्या मागे डोंगर.