नाव लिवून दाव

साळूबाई नातवाला, ऋषिराजला, घेऊन कोरेगावला मुलगी बघायला आल्या होत्या. मुलगी, क्रांती, टायपिंगचे क्लास घेते म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं आणि तिच्यापुढं कागद सरकवला. "बटणं बडवायला कुणालाबी येतंय. हातानं नाव लिवून दाव."

क्रांतीनं सरळ ओळीत, सुबक अक्षरात नाव लिहिलं आणि पेन ऋषिराजपुढं धरलं. "आता तुमी."

पहिल्याच अक्षराला ऋषिराजला घाम फुटला. "पेनची सवय न्हाई राहिली."

"मग टाइप करा की!" तिनं लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

कोंबडीनं दाणा हुडकावा तसं त्याचं एक बोट अक्षरं हुडकत फिरायला लागलं. पोहे गार झाले. आतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"आरं गाढवा, सोताचंच नाव हाय ते!" साळूबाई कडाडल्या. "दिवसभर फोनात तोंड घालून बसतोस, तवा करतोस तरी काय?"

"बोलून पाठवतो, आजी."

याआधीची सगळी स्थळं फिसकटली होती. साळूबाईंनी ताठा गिळला, आवाज खाली आणला. "मग पोरी, आमी काय समजायचं?"

"सकाळी सातच्या बॅचला जागा हाय, आजी. धाडून द्या त्यास्नी. लग्नाचं परीक्षा झाल्यावर बघू."