दिवसाला आठ ग्लास

काल मशीनवरच चक्कर येऊन पडलेल्या मुलीला आज मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. शिलाई विभागातल्या चाळीस मुली आणि मालकांनी बोलावलेल्या आहारतज्ज्ञ बाई. वेळ कुठली, तर जेवणाच्या सुट्टीची. आहारावरच्या भाषणापायी सगळ्यांचे डबे बंदच राहिले.

"फिगरच्या नादात उपाशी राहता तुम्ही," बाई म्हणाल्या. मागे पडद्यावर पोटाचं चित्र होतं, आतडी गुलाबी रंगात. "मग बद्धकोष्ठ, अ‍ॅसिडिटी, चक्कर. सकाळी भरपेट नाश्ता करायचा आणि दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायचं. जमेल ना?"

"किती सांगायचं यांना, मॅडम! डबे तसेच परत नेतात," सुपरवायझर दारातून म्हणाला. "नुसती नटायची हौस."

त्याच्या पट्ट्याला संडासाची किल्ली लटकत होती. हरवू नये म्हणून तिला विटेएवढा लाकडी ठोकळा बांधला होता. कामाच्या अख्ख्या पाळीत एकीला ती एकदाच मिळायची. दुसऱ्यांदा मागितली की हा सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं विचारायचा, "पुन्हा? काय खाऊन आलीस गं?" आणि वर हसायचा.

म्हणून मुली खात नव्हत्या. म्हणून पाणी पीत नव्हत्या. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यावर उपाय काय, तर गुलाबी आतडी!

पहिल्या रांगेतल्या त्या मुलीचं पोट चार दिवस साफ झालं नव्हतं. 'हौस' ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक उठली. टेबलावर बाईंसाठी पाण्याचा जग ठेवला होता. तिनं ग्लास भरला आणि उभ्यानंच रिकामा केला. पुन्हा भरला. तोही घटाघटा संपवला.

"अगं, सगळे आत्ताच नकोत," बाई हसल्या.

तिसरा ग्लास संपवून तिनं जग मागच्या मुलीकडे दिला. तिनं थेट जगालाच तोंड लावलं. मग तिच्या शेजारणीनं. जग शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि कोरडा होऊन परत आला.

ती मुलगी सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या.

"प्यायलो पाणी. आता किल्ली द्या."

"कसली किल्ली?" बाईंनी विचारलं.

सुपरवायझरचा हात झटकन पट्ट्याकडे गेला. पण तो ठोकळा काही त्याच्या मुठीत मावेना.