पुतळ्याची दाढी

शहीद प्रफुलच्या पुण्यतिथीला, हार घालण्याआधी, दिवाकर न्हावी त्याच्या संगमरवरी पुतळ्याची दाढी करायचा. सुट्टीवर आलेला प्रफुल घरी जायच्या आधी दाढीला दिवाकरच्याच खुर्चीत टेकायचा, म्हणून त्याचे वडील किसनराव यांनी लावलेला हा रिवाज. फेस लावायचा आणि वस्तरा नुसता वरवर फिरवायचा.

यंदा, बाराव्या वर्षी, वस्तरा खरखरला.

"काऊन थांबला बे?" किसनरावांनी विचारलं.

"काई नाई, काका."

दिवाकरने फेस तळहातावर निपटला. फेसात दाढीचे बारीक खुंट होते.

किसनरावांनी त्याचा हात उन्हात धरला, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहिलं.

"माहा पोरगा चोविसाव्या वर्षी गेलता, दिवाकर," ते हळूच म्हणाले. "यातले दोन पांढरे हायेत."