पाठीवरचं वजन

रविवारी माझी पहिली टँडम उडी होती. विमानातून उडी मारताना प्रशिक्षक आपल्या पाठीला पट्ट्यांनी बांधलेला असतो, म्हणून माझं वजन कळवायचं होतं. हे जमलं की एकटीनं उडी मारायचा कोर्स करणार होते. पाठीशी कुणी नको.

नवीन जालन्यात आमच्या बियाण्याच्या गोदामात, भरदुपारी, मी पोत्यांच्या काट्यावर चढले. आकडा आला एकशे एकतीस.

"नागसेन, माझं वजन चौपन्न आहे."

"बारदाना वजा करायचा राह्यला का, मॅडम?" वजनं करणारा नागसेन हसला. मग त्यानं पन्नास किलोचं पोतं ठेवून पाहिलं. पन्नासच भरलं. "काटा बिलकुल बराबर हाय. चढा पुन्हा."

पुन्हा एकशे एकतीस.

मी उतरले. रिकाम्या काट्यावर सत्याहत्तर तसेच राहिले.

नागसेन हसायचा थांबला. आकडा हळूहळू खाली येऊ लागला. साठ. चाळीस. वीस.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मंग हे कोण उतरून राह्यलं?"

काटा शून्यावर आला, आणि माझ्या खांद्यांवर पट्टे आवळले गेले.