प्लंबर

तो परदेशी. आमचं कुटुंब स्थायिक झालंय त्या या देशात लग्न न करताही त्याला माझ्यासोबत राहता आलं असतं, फक्त आमच्या नात्याचा पुरावा हवा होता. पण घरी कुणकुण लागू नये म्हणून मी दोघांचा एकही फोटो ठेवला नव्हता, मेसेज रोजच्या रोज पुसत होते आणि फोनमध्ये त्याचं नाव 'प्लंबर' असं टाकलं होतं. व्हिसा ऑफिसातल्या बाईंनी फोन चाळला आणि अर्ज नामंजूर केला. काल तो गेला.

आज स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला.

"तुझ्या त्या प्लंबरला बोलाव की, सारखा फोन करत असतो," आई म्हणाली.

"तो त्याच्या देशात परत गेला," एवढं बोलले आणि मला हुंदका आवरेना.

"अगं वेडाबाई, प्लंबरसाठी कुणी रडतं का? दुसरा बघू."